तुझ्या वाटणीच्या गोळ्या

५ जानेवारी

धाकट्या,

आईचं पत्र आहे, फेकू नकोस. चांगली बातमी आहे.

तुझी लेक, आपली मुंगी, विमानात बसली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे विमान नाही बघितलं, आपल्याला काचेच्या दारापर्यंतच सोडतात, पण तिची पाठ बघितली, पाठीवरची निळी पिशवी बघितली. पोरगी एकदाही मागे वळली नाही. मी थोरल्याला म्हटलं, "बघ, वळली नाही." तो म्हणाला, "आई, रडू नकोस." मी म्हटलं, "रडतंय कोण, मला आनंद झालाय." आणि खरंच झाला होता, डोळ्यांना काय कळतं त्यातलं. आपल्या घरातून याआधी सगळ्यात लांब गेलेलं माणूस म्हणजे तुझे वडील, आणि तेही चुकीच्या गाडीत बसले म्हणून.

ती आता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे तुला माहीत नसणार, तू गेलास तेव्हा नववीत होती. कॉलेजातून एकीलाच परदेशात पाठवायचं होतं, चार महिन्यांसाठी, आणि आपल्या मुंगीला निवडली. तिथे बऱ्याच देशांतली मुलं एकत्र केली आहेत आणि गंमत म्हणजे सगळी एकाच कामाची नाहीत. एक आहे औषधांचं शिकणारा. तो इतका उंच आहे की दारातून वाकून आत येतो, म्हणून मी त्याला लंबू म्हणते. एक दातांची डॉक्टरीण होणार आहे. एक समाजसेवेचं शिकतोय, तो उठल्यासुटल्या विचारतो, "तुला कसं वाटतंय?" मुंगी म्हणते, "आजी, भूक लागली म्हटलं तरी विचारतो, भूक लागल्यावर कसं वाटतं." आणि चौथी आपली.

शिकायचं काय, तर ते जरा नंतर सांगते.

आधी पत्त्याचं. तुझा पत्ता मला गॅरेजच्या मिस्त्रींमुळे मिळाला. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी कुठूनतरी थोरल्याचा नंबर काढला आणि फोन केला, की तुमचा भाऊ माझ्याकडे कामाला आहे, मागच्या खोलीत झोपतो, हात सोन्यासारखा आहे, पण मोबाइल ठेवत नाही आणि हल्ली तब्येत बरी नसते, घरच्यांच्या कानावर असावं. थोरला "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. पण पत्ता लिहून घेतला होता त्याने, एका पावतीच्या पाठीवर. म्हणजे तोही अगदीच दगड नाही. तो कागद मी त्याच्या पँटच्या खिशातून काढला. कपडे धुणाऱ्या बाईपासून घरात काही लपत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत.

तर शिकायचं काय. नशेसाठी सुई टोचून घेणाऱ्या माणसांना सुईतून कुठले कुठले रोग होतात आणि ते कसे थांबवायचे, ते.

हाच विषय का घेतलास, असं मी तिला विचारलं नाही. तीही बोलली नाही.

तब्येत बरी नसते म्हणजे काय होतं रे? जेवण जातं का?

तुझी आई


२६ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही, पण माझं पत्र परतही आलं नाही. म्हणजे मिळालं. मी तेवढ्यावर खूश आहे.

दर रविवारी दुपारी मुंगीचा फोन येतो, तोंड दिसतं तसला. मी आधीपासून केस विंचरून बसते. तिथे तेव्हा सकाळ असते, पोरगी दात घासत असते आणि तोंडात ब्रश ठेवूनच मला रोग सांगते.

त्यांची एक गाडी आहे, पांढरी, बिनखिडक्यांची. आठवड्यातून तीन दिवस दुपारी ती एका मोठ्या पुलाखाली उभी करतात. सुई घेणारी माणसं येतात, वापरलेल्या सुया एका पिवळ्या डब्यात टाकतात आणि नव्या, कोऱ्या घेऊन जातात. मी म्हटलं, "अगं, नव्या देतात? म्हणजे घ्याच म्हणतात की काय?" तर ती म्हणाली, "आजी, ते घेणारच आहेत. मग निदान त्याच्याबरोबर रोग तरी घेऊ नयेत." हे मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं.

तिथे बुधवारी खुर्च्या बदलतात. शिकवणाऱ्या बाईंचा नियम आहे, त्या दिवशी आपलं काम करायचं नाही, शेजारच्याचं करायचं. दातवालीने औषधं सांगायची, मुंगीने दात बघायचे, लंबूने रबराच्या हातातून रक्त काढायचं. आणि एकाने पेशंट व्हायचं, बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. का, तर एकच माणूस चौघांना चार तऱ्हेचा दिसतो, तो सगळ्यांनी मिळून पूर्ण बघायला शिकावं. परवा रबराच्या हातातून लाल पाणी आलं आणि लंबू आडवाच झाला. एवढं लांबलचक माणूस पडलं म्हणजे खोलीत दुसऱ्याला उभं राहायला जागा उरत नाही म्हणे. समाजसेवावाल्याने त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, "आता तुला कसं वाटतंय?" मी इतकी हसले की थोरला आतून बघायला आला.

मंडईत पेंटरची आई भेटली. तुझा मित्र पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. तो गेला, तुला कळलं का? गेल्या वर्षी. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते, लिव्हर गेलं म्हणाले. त्याच्या आईने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "सगळ्यांनी माझ्या पोराला दारातून हाकललं. तुम्ही एकट्या, त्याला घरात बसू दिलंत. तुमचे उपकार मी विसरणार नाही." मी म्हटलं, "मुलगाच होता की हो माझा." आणि भाजी न घेताच घरी आले.

तुझे डोळे कसे आहेत? आरशात बघ. उजेडात बघ.

तुझी आई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

आज सगळं लिहिते. लिहायला वेळ लागणार, मधे उठून दूध बघून आले, आता परत बसले.

या बुधवारी पेशंट व्हायची पाळी मुंगीची होती. मी हौसेने विचारलं, "मग काय झालीस तू? म्हातारी झालीस का माझ्यासारखी?" ती म्हणाली, "नाही. बाबा झाले."

सहा वर्षांत ती तुला बाबा म्हणाली नव्हती. विषय निघालाच तर "ते" म्हणते. मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

ती म्हणाली, "मी खुर्चीत बाबांसारखी बसले. एक पाय बुडाखाली घेऊन. मनगटाने नाक घासत. मुद्दाम नाही केलं आजी, आपोआप झालं." लंबू त्या दिवशी समाजसेवेच्या खुर्चीत होता, तो एकेक विचारत होता. सुई कुठून आणता? दुकानातून. एकच सुई किती वेळा वापरता? बोथट होईपर्यंत. मधे धुता का? हो. कोण धुतं?

"आणि आजी, मी म्हटलं, माझी आई धुते."

मी फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला.

"बाईंनी वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, इतकी वर्षं शिकवतेय पण असं उत्तर कोणी दिलं नव्हतं, तुझी कल्पनाशक्ती चांगली आहे. मी थँक्यू म्हटलं."

मला वाटलं आता रडेल, नाहीतर मला फाडून खाईल. तेच बरं झालं असतं. तिने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि दवाखान्यात विचारतात तसं विचारलं, "किती मिनिटं उकळायचीस?"

मी म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"अकरा वर्षांची होते. शाळेतून आले की गॅसवर ते लहान पातेलं असायचं आणि तू मला अंगणात पिटाळायचीस. किती मिनिटं?"

"दवाखान्यात काचेच्या असायच्या तेव्हा वीस."

"प्लास्टिकच्या?"

"वाकायला लागल्या की काढायचे."

"म्हणजे किती?"

"दोन. फार तर तीन."

"बाबांची आणि पेंटरकाकांची वेगवेगळी?"

"एकाच पातेल्यात. दोनदोनदा गॅस कोण जाळणार?"

"मग परत देताना कोणाची कोणती, ते कसं ओळखायचीस?"

धाकट्या, हे मला आजपर्यंत सुचलंच नव्हतं.

तुला माहीत आहे मी कोण होते. तीस वर्षं डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात आया. मला अ आ इ सुद्धा बाटल्यांवरची नावं लिहायला म्हणून त्यांनीच शिकवलं. सकाळी आल्या आल्या स्टीलच्या डबीत काचेच्या सिरिंजा आणि सुया मांडायच्या, पाणी उकळायला लागलं की घड्याळ बघायचं, वीस मिनिटं. सुईत तार घालून बघायची. डॉक्टरसाहेब चारचौघांत म्हणायचे, हिच्या हातची सुई लागून आजवर एकाला गळू झालं नाही. तो माझा तोरा होता. तुझ्या उशीखाली पहिली सुई सापडली तेव्हा मी काय करणार होते? तुला मारून झालं, पाया पडून झालं, शपथा घालून झाल्या. तुझी नशा सोडवणं मला जमत नव्हतं. सुई उकळणं जमत होतं. म्हणून उकळली, पुसली, परत तिथेच ठेवली. तू बघितलंस, काही बोलला नाहीस. मग पेंटरही त्याची आणून ओट्यावर ठेवायला लागला. "मावशी, माझी पण," म्हणायचा. जसं काही चहाचा कप.

मुंगी म्हणते, सुईच्या पोकळीत रक्ताचा कण राहिला तर त्यातले जंतू कितीतरी दिवस जिवंत राहतात. दोन मिनिटांच्या पाण्याला ते भीक घालत नाहीत. त्यातला एक काविळीचा आहे, सी नावाचा. तो अंगात वर्षानुवर्षं मुकाट बसतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि आतून लिव्हर खातो. पोट फुगतं, डोळे पिवळे होतात ते अगदी शेवटी.

मी पेंटरचं नाव घेतलं नाही. तिनेही नाही. शेवटी तिने विचारलं, "धुताना तुझ्या बोटाला कधी टोचली होती?"

मी म्हटलं, "अगं, किती वेळा."

तेव्हा मात्र तिच्या हातातलं पेन थांबलं. "आजी, उद्या जाऊन रक्त तपासून घे."

नीट ऐक, महत्त्वाचं हेच आहे. या काविळीला आता गोळ्या आहेत. रोज एक, बारा आठवडे, की ती जाते. सरकारी दवाखान्यात फुकट. तू रक्त तपासून घे. बाकी मला शिव्या द्यायच्या असतील तर बरा होऊन दे.

तुझी आई


२ मार्च

धाकट्या,

मला झालीय!

रक्त दोनदा तपासलं, दोन्हीत सी कावीळ निघाली. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "बरं झालं बाई." त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "आजी, मी काय सांगितलं ते नीट कळलं ना?" मी म्हटलं, "कळलं, कळलं. आता माझ्याकडे कागद आहे." त्यांना कसं सांगू, की नुसत्या आईच्या बोलण्यावर तू कधी उठला नाहीस, पण सही-शिक्क्याच्या कागदावर कदाचित उठशील. त्या म्हणतात, ही कुठून आली ते आता सांगता येत नाही, दवाखान्यातल्या कामातही लागली असेल. असेल बाई. पण दवाखान्यात मी वीस मिनिटं उकळत होते.

तर तो कागद घेऊन मी गेल्या मंगळवारी तुझ्याकडे आले. एकटी. दोन तासांची एसटी, खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारची बाई विचारत होती कुठे निघालात, मी म्हटलं मुलाकडे. किती दिवसांनी बोलायला मिळालं असं.

मिस्त्री भले माणूस आहेत. मला बघितल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "तो सामान आणायला गेलाय मावशी, उशीर होईल." इतक्या मोठ्याने, जसं काही मी बहिरी आहे. त्यांच्या बाई स्टूल घेऊन आल्या, चहा दिला. मी बसले.

समोर एक ट्रक होता. त्याच्याखाली कोणीतरी पाठीवर झोपून काम करत होतं, पण हातोडीचा आवाज मी आले तेव्हाच थांबला होता. नुसते पाय दिसत होते, घोट्यापर्यंत. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. ते पाय मी तेल लावून चोळलेत रे. किती वाळलेत.

मी काही तिकडे गेले नाही. मिस्त्रींशीच बोलत बसले, जरा मोठ्याने, कारण तेही मोठ्याने बोलत होते ना. मी म्हटलं, "मिस्त्री, मला सी कावीळ झालीय." ते म्हणाले, "अरे बापरे." मी म्हटलं, "घाबरायचं काही नाही, गोळ्या आहेत. ज्याने ज्याने सुई घेतलीय त्याने नुसतं रक्त द्यायचं, तुमच्या इथल्या सरकारी दवाखान्यातही घेतात, मी आत्ताच विचारून आले, दर गुरुवारी आणि शुक्रवारी." मिस्त्री म्हणाले, "मी तर कधी सुई घेतली नाही हो मावशी." मी म्हटलं, "तुमचं नाही म्हणत मी." ते म्हणाले, "हां हां, कळलं." मग मी मुंगीचं सांगितलं, विमानाचं, पांढऱ्या गाडीचं, ती खुर्चीत कशी बसली होती त्याचं. ते सांगताना ट्रककडे तोंड करून सांगितलं. लंबू पडला ते सांगितलं तेव्हा मिस्त्री पोट धरून हसले. पाय हलले नाहीत.

दीड तास बसले. मग म्हटलं, "येते. येणाऱ्या गुरुवारपासून मी दर गुरुवारी त्या दवाखान्यात येऊन बसेन, फाटकातून आत आलं की समोरच्या बाकावर. कोणाला सोबत हवी असली तर." कागदाची झेरॉक्स मिस्त्रींकडे दिली.

फाटकापाशी येऊन मी जरा थांबले होते. हातोडी परत सुरू झाली ती ऐकली आणि निघाले.

तुझी आई


५ एप्रिल

धाकट्या,

मी पाच गुरुवार येऊन बसले. तू आला नाहीस. हरकत नाही. बाक सावलीत आहे, पहारेकरी आता मला ओळखतो, आजी आज उशीर केलात म्हणतो.

आता तू हसशील असं सांगते, नाहीतर चिडशील.

माझ्या गोळ्या महिन्यापूर्वी सुरू झाल्या. एका बाटलीत अठ्ठावीस, अशा तीन बाटल्या. पहिली गोळी हातात घेतली आणि वाटलं, मी एकटीच कशी खाऊ? लहानपणी तुम्हा दोघा भावांना एकच खाऊ आणला की मी सुरीने मधोमध कापायचे, तुम्ही मोजून घ्यायचात. म्हणून मी एक दिवस गोळी घ्यायचे आणि एक दिवस तुझ्यासाठी पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. मुलगा रक्त तपासायला येत नाही तर न येवो, गोळ्या तर पोचवू, मिस्त्री चहातून देतील. असा माझा बेत.

लंबू तिकडून दर रविवारी मुंगीच्या फोनवर येतो आणि माझी बाटली तपासतो. "आजी, गोळ्या तळहातावर ओता," असं मुंगी मधे बसून सांगते. मी मोजून दाखवायचे. तुझ्या डब्यात वेगळ्या ठेवलेल्या असल्यामुळे हिशेब बरोबर दिसायचा. लंबू अंगठा वर करून दाखवायचा, इतका लांब अंगठा.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. मी मुंगीला म्हटलं, "त्याला विचार, समजा दोन माणसांनी मिळून एकाच्या गोळ्या घेतल्या, निम्म्या निम्म्या, तर दोघंही निम्मे बरे होतात का?"

तिने विचारलं. लंबू आधी हसला. मग हसायचा थांबला. त्याने मुंगीला काहीतरी विचारलं, मुंगीने माझ्याकडे बघितलं, आणि दोघं एकदम म्हणाले, "आजी?"

मी डबा आणून दाखवला. चौदा गोळ्या.

मुंगी ओरडली. सहा वर्षांत पहिल्यांदा ओरडली, धाकट्या. "तू काय करतेस? तू परत तेच करतेस! ते कोणासाठी तरी करायचं आणि करताना नीट विचारायचंही नाही!" शेजारच्या खोलीतून दातवाली धावत आली. लंबूने सावकाश सांगितलं, मुंगीने डोळे पुसत पुसत मराठीत सांगितलं. निम्म्या गोळ्यांनी निम्मं बरं होत नाही. जंतू अर्धमेला होतो आणि मग त्याच गोळीला दाद द्यायचा थांबतो. म्हणजे एकीच्या गोळ्यांत दोघं, तर दोघंही गेले.

समाजसेवावाल्याला मागे उभा बघून मी म्हटलं, "हा आता विचारणार मला कसं वाटतंय." त्याने नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, आता एकही चुकवायची नाही, या चौदाही शेवटी तुम्हीच घ्यायच्या, गुण आला की नाही ते नंतर रक्तच सांगेल. म्हणजे माझ्या या लबाडीने कदाचित माझंही बरं व्हायचं राहिलं.

तेव्हा गोळ्या पोचवायच्या माझा बेत बारगळला. तुझ्या तुलाच घ्याव्या लागतील. त्यासाठी रक्त द्यावं लागेल. मला दुसरं काही करता येत नाही, खरंच येत नाही.

तुझी आई


११ जून

धाकट्या,

मुंगी परत येऊन महिना झाला. जाडी झालीय, केस कापलेत, येताना तिच्या निळ्या पिशवीत माझ्यासाठी सुईचा पिवळा डबा घेऊन आली, रिकामा. मी म्हटलं, "हे काय आणलंस, लोक चॉकलेटं आणतात." ती म्हणाली, "राहू दे घरात."

काल मिस्त्रींचा फोन आला. मी पुढे लिहीन ते त्यांच्याकडून कळलंय, त्यांना बोलू नकोस.

ते म्हणाले, तू माझी पत्रं वाचतोस. ट्रकच्या पायरीवर बसून, दोनदोनदा. म्हणाले, तुझे डोळे पिवळे दिसायला लागलेत. आणि म्हणाले, "मावशी, सांगू की नको असं झालंय, पण सांगतो. गेल्या गुरुवारी तो स्वतःच म्हणाला, मला दवाखान्यात सोडा. मी गाडीवरून सोडलं. पाच मिनिटांत परत आला. म्हणाला, आई बसलीय बाकावर."

मी फोन ठेवला. चौदा गुरुवार मी तिथे बसले, तू यावंस म्हणून.

मला आधीच कळायला हवं होतं. तू गेलास असं मी सगळ्यांना सांगते, तुलाही पत्रात तसंच लिहिलं. तू गेला नाहीस. मुंगीच्या कंपासपेटीत तुझी सुई सापडली त्या दिवशी थोरल्याने तुला दंडाला धरून बाहेर काढलं, पण आतून कडी मी लावली. तू बाहेरून म्हणालास, "आई, पाणी तरी दे." मी दिलं नाही. मुंगी तिथेच उभी होती. त्यानंतर मी कुठल्या तोंडाने बाकावर बसून म्हणते, ये.

डब्यातल्या गोळ्या चालू आहेत, तुझ्या वाटणीच्या. आणखी तीन राहिल्यात. रोज सकाळी मुंगी समोर उभी राहून गिळायला लावते, तोंड उघडून दाखव म्हणते. मी दाखवते.

आता मी सांगते तसं कर. गुरुवारी मी आता येणार नाही, पण तुझा विश्वास बसायचा नाही, म्हणून गुरुवार सोड. शुक्रवारीही रक्त घेतात, नऊ ते एक, खिडकी नंबर चार. नाव विचारतात, पण खरंच सांगायला हवं असं नाही, पहारेकऱ्याने सांगितलंय. कोणी काही बोलत नाही. मुंगीही येणार नाही, मी तिला विचारलं, ती म्हणाली, बरं, नाही येत. थोरला तर येतच नाही.

शुक्रवारी मी घरी असते. बाकावर कोणी नसेल. तरी आधी फाटकातून बघून घे.

तुझी आई